पोटातल्या गोळ्याची लेखी तक्रार

डॉक्टरांना यापुढे तोंडी काही सांगायचं नाही, जे काय द्यायचं ते लेखी द्यायचं, असा मी एका मंगळवारी निर्णय घेतला आणि तिथेच सगळं फसलं.

तोंडी सांगण्याचा माझा अनुभव काही बरा नव्हता. आमचे जुने डॉक्टर माणूस म्हणून चांगले, पण कान त्यांनी पेशंटच्या नवऱ्यांसाठी राखून ठेवलेले. मी खुर्चीत बसून "डॉक्टर, छातीत जरा..." एवढं म्हणते तोवर शेजारून आमचे हे म्हणायचे, "तिला टेन्शन घ्यायची सवय आहे." लगेच डॉक्टर म्हणणार, "टेन्शन घेऊ नका." झालं! जसं काही मी पिशवी घेऊन बाजारात जाते आणि किलोभर टेन्शन घेऊन येते, आणि डॉक्टरांनी सांगितलं की जाऊन परत करणार आहे.

आता तुमच्याशी खोटं कशाला बोलू? मी घाबरट आहेच. फोन वाजला की मला वाटतं वाईट बातमी असणार. नाही वाजला तर वाटतं, इतकी वाईट आहे की सांगायला कुणी धजत नाहीये. लग्नाच्या आधी यांनी मला "तुझा स्वभाव कसा आहे?" असं विचारलं होतं, तेव्हा मी "का? कुणी काही बोललं का?" असं उत्तर दिलं होतं. (तरी त्यांनी होकार दिला. तेव्हापासून त्यांना कशाचीच भीती वाटत नाही.)

पण गेले चार-पाच महिने जे चाललं होतं ते नेहमीचं नव्हतं. बसल्या जागी छातीत धडधड सुरू व्हायची. हात असे थरथरायचे की चहाचा कप बशीत ठेवताना किणकिण वाजायचं आणि सासूबाई आतून विचारायच्या, "कोण आलंय गं?" घरातले सगळे स्वेटर घालून बसलेले असताना मी पंखा लावायची. भूक तर अशी की डब्यातली बिस्किटं संपली की मी डब्याकडेच आशेनं बघत राहायची.

मुद्दा असा होता की घाबरट माणूस खरोखर आजारी पडला तर ते ओळखायचं कसं? लांडगा आला रे आला ओरडणाऱ्याभोवती निदान सुरुवातीला तरी गाव जमा व्हायचं. माझ्या घरात मी "छातीत धडधडतंय" म्हटलं की हे पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "चांगलंय. थांबलं की सांग."

त्यात काट्याची भानगड झाली.

आमचे हे सरकारी वजनमापं तपासणारे निरीक्षक आहेत. बाजारात हे दिसले की दुकानदार आपोआप सरळ उभे राहतात. एका रविवारी मी घरातल्या वजनकाट्यावर उभी राहिले तर सत्तावन्न किलो! माझं वजन गेली दहा वर्षं बासष्ट.

"अहो, माझं वजन पाच किलोंनी कमी झालंय," मी घाबरून ओरडले.

हे आले. काट्याभोवती एक फेरी मारली. "तू सध्या खातेस किती?"

"पूर्वीच्या दुप्पट."

"दुप्पट खाऊन वजन कमी कसं होईल? गणित बसत नाही. काटा बिघडलाय."

"मग ऑफिसातली ती पितळी वजनं आणून तपासा ना."

"सरकारी वजनं घरी?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी सरकारी इमारतच घरी आणा म्हटलं होतं. "त्याची गरजही नाही. घरात एक प्रमाणित वजन आहे की. तू! दहा वर्षं बासष्ट म्हणजे बासष्ट. उभी राहा."

मी उभी राहिले. त्यांनी ओणवं होऊन खालचं चाक फिरवत फिरवत काटा बरोब्बर बासष्टवर आणला. मी खाली उतरले. काटा पाचावर थांबला.

"अहो, कुणी नसतानाही पाच किलो दाखवतोय."

"रिकाम्या काट्याला अर्थ नसतो," हे हात झटकत म्हणाले. "भार पडल्यावर काय दाखवतो ते महत्त्वाचं." (बावीस वर्षं वजनमापं तपासणाऱ्या माणसाशी वाद कोण घालणार?)

पुढे दर पंधरवड्याला काटा पुन्हा किलोभर "बिघडायचा" आणि हे पुन्हा मला उभी करून दुरुस्त करायचे. माझं वजन अशा रीतीने अगदी कायम राहिलं.

तर, लेखी तक्रार.

मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार खिडकीवर बसते. एकोणीस वर्षं झाली. नळाला पाणी नाही, दाब कमी आहे, पाणी गढूळ आहे, शेजाऱ्याच्या नळाला जास्त आहे (ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार), सगळं मी लिहून घेते, लोकांकडून पोच म्हणून सही घेते आणि फिटरला पाठवते. तक्रार घराच्या आतल्या पाइपाची असेल तर अर्जावर एक जांभळा शिक्का मारून परत करते: "मीटरच्या पुढील नळजोडणी ही ग्राहकाची स्वतःची जबाबदारी आहे." दिवसाला चाळीसेक वेळा तरी मारते. त्या शिक्क्यामुळे लोकांनी मला काय काय म्हटलंय ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण एकदा शिक्का बसला की माणूस गप्प होतो, हे मात्र खरं.

म्हणजे तक्रार कशी लिहावी हे मला कुणी शिकवायला नको. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी कोरा कागद घेतला आणि आमच्या नमुन्यात अर्ज लिहिला.

"विषय: प्रकृतीत वारंवार होणाऱ्या बिघाडाबाबत.

१) काळजाचा ठोका चुकतो (दिवसातून सहा-सात वेळा).

२) पोटात गोळा येतो (विशेषतः संध्याकाळी).

३) हातपाय गळतात.

४) तोंडचं पाणी पळतं.

५) पायाखालची जमीन सरकते.

६) धाबं दणाणतं.

तरी वरील तक्रारींची त्वरित दखल घेऊन योग्य ती दुरुस्ती व्हावी, ही विनंती."

वाचून माझंच मन भरून आलं. इतकी सुबक तक्रार एकोणीस वर्षांत माझ्या खिडकीवर आली नव्हती.

पण दवाखान्यात गेलो तर जुने डॉक्टर सहा महिन्यांच्या सुट्टीवर, आणि त्यांच्या जागी नव्या डॉक्टरीणबाई. वय तिशीचं, चेहरा अतिशय लक्ष देणारा. त्या लांबून आलेल्या, दुसऱ्या भाषेत वाढलेल्या, आणि मराठी शिकल्या होत्या त्या पुस्तकावरून, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, मध्ये कुणाशी भांडायची संधी न मिळता.

"कृपया बसावे," त्या म्हणाल्या. "आपणांस काय होते?"

"तिला टेन्शन घ्यायची..." यांनी सुरुवात केली.

मी कागद पुढे केला. बाईंनी तो वाचला, आणि हात वर करून यांना थांबवलं. "कृपया. तक्रार लेखी आहे."

बावीस वर्षांत यांना असं कुणी थांबवलेलं मी पाहिलं नव्हतं. तिथेच माझं निम्मं दुखणं बरं झालं.

"आपल्या पोटात गोळा येतो," बाई म्हणाल्या. "त्याचा आकार केवढा?"

मी हातानं लिंबाएवढा दाखवला. मग लेकीची आठवण झाली आणि हात फुटबॉलएवढे केले.

"तो वाढतो?"

"हो ना. लेक गाडी शिकतेय सध्या. ती गाडी घेऊन बाहेर पडली की वाढतो. घरी आली की जातो."

"जातो? कोठे?"

याचा मी कधी विचारच केला नव्हता.

"हातपाय गळतात," त्यांनी पुढे वाचलं. "काय गळते? पाणी? पू?"

"अहो, नाही हो! काही येत नाही. नुसतेच गळतात."

"कोरडी गळती," असं पुटपुटत त्यांनी लिहून घेतलं. "पायाखालील जमीन सरकते. कोणत्या दिशेस?"

"डावीकडे," मी म्हटलं. (विचारलं की उत्तर द्यायला हवं. खिडकीवर "माहीत नाही" म्हणणाऱ्यांवर मीच ओरडते.)

"आणि धाबे दणाणते." बाई थांबल्या. पेन टेबलावर ठेवलं. "क्षमा करा. धाबे हा अवयव मला शिकवलेला नाही. तो कोठे असतो?"

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी छताकडे पाहिलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं माझं धाबं दणाणतंय, पण ते नक्की कुठे आहे हे मलाही सांगता येईना. शेवटी मी बरगडीखाली अंदाजानं हात ठेवला.

"वजनात काही घट?"

"अजिबात नाही," हे अभिमानानं म्हणाले. "बरोब्बर बासष्ट. काटा मी स्वतः दुरुस्त केलाय."

बाईंनी तेही लिहून घेतलं. मग अर्जाच्या खालचा माझा हुद्दा वाचून म्हणाल्या, "आपण पाणीपुरवठा कार्यालयात आहात? माझ्या स्नानगृहात पाणी येत नाही. मी अर्ज केला होता. तो शिक्का मारून परत आला. फार लागले मनाला."

"कुणीतरी निष्काळजी कर्मचारी असेल," मी म्हटलं आणि उजव्या अंगठ्यावरचा जांभळा डाग पदराखाली लपवला.

त्यानंतर तक्रारीगणिक एक तपासणी निघाली. गोळ्यासाठी सोनोग्राफी, ठोक्यासाठी छातीची पट्टी म्हणजे ईसीजी, तोंडच्या पाण्यासाठी साखर, सरकत्या जमिनीसाठी कानाचे डॉक्टर. (धाब्यासाठी काही निघालं नाही. त्या आधी वाचून बघणार होत्या.)

सोनोग्राफीला सहा ग्लास पाणी पिऊन रोखून धरायचं होतं. आयुष्यभर लोकांना "पाणी येईल, धीर धरा" सांगणाऱ्या बाईवर नियतीनं उगवलेला सूड तो हाच. टेबलावर झोपले तेव्हा मशीनवाला पडद्यात डोकं घालून शोधत होता.

"गोळा कुठेय, ताई? मला तर दिसत नाही."

"आत्ता नसणार," मी दात आवळून म्हटलं. "लेक घरीच आहे."

छातीच्या पट्टीवाल्या बाईनं कागद दोनदा वाचला. "ठोका एकही चुकलेला नाही हो. उलट भरपूर जास्तीचेच आहेत." कानाच्या डॉक्टरांनी माझं डोकं धरून डावीकडे-उजवीकडे गदागदा हलवलं, आणि तेव्हा मात्र जमीन खरोखर सरकली, पण उजवीकडे, त्यामुळे धरली नाही.

आठवड्यानं सगळे कागद घेऊन आम्ही पुन्हा बाईंपुढे बसलो.

"अहवाल बरे आहेत," त्या म्हणाल्या. "ही चिंता असू शकते. चिंता हाही आजारच असतो, त्यास उपचार असतात. परंतु..."

"चिंता" या शब्दालाच आमचे हे उठून उभे राहिले होते. "बघ! मी काय म्हणत होतो!" असं म्हणत त्यांनी बाईंचे इतक्या जोरात आभार मानले की "परंतु"च्या पुढचं वाक्य कुणी ऐकलंच नाही. बायकोला काही झालेलं नाही याचा आनंद होता तो, मला कळत होतं. पण माझी धडधड माझ्या हाताला लागत होती, आणि सगळे कागद एका सुरात सांगत होते, बाई, तू उगाच ओरडतेस.

घरी तर उत्सवच. सासूबाईंनी यांच्या हातातून रिपोर्ट घेतले, चष्म्याशिवाय वाचले आणि म्हणाल्या, "मी म्हणतच होते. सगळे मनाचे खेळ."

"मग मनाला सांगा ना बाई खेळ आवरायला," मी म्हटलं आणि चहा ठेवायला गेले. कप किणकिणला.

"कोण आलंय गं?" सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या न्हाणीघराचा अर्ज मी स्वतःच पुन्हा लिहिला आणि आमच्या फिटरदादांच्या हातात दिला. पापक्षालन, दुसरं काय! फिटरदादा पन्नाशीचे, सगळ्या शहराचे पाइप त्यांच्या डोक्यात. काम झाल्यावर खिडकीशी येऊन सांगायला लागले, "बाहेरची लाइन ठणठणीत आहे, ताई. बाईंच्या आतल्या पाइपात कचरा होता. शिक्का बरोबर मारला होता तुम्ही. मी समजावलं त्यांना. आता पाठ झालाय तो शिक्का त्यांना." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पण तुमचा चेहरा का पडलाय?"

आणि मी, काय सांगू, त्यांना सगळं सांगितलं. सहाच्या सहा तक्रारी, सगळ्या तपासण्या, एकूण निकाल.

फिटरदादांनी पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "ताई, एका गल्लीतून सहा तक्रारी आल्या तर मी सहा घरांचे नळ खोलत बसतो का? मी गल्लीच्या तोंडाशी जातो. तिथला मेन व्हॉल्व्ह बघतो. बटरफ्लाय असतो ना, आत फुलपाखरासारखी चकती असते. ती बिघडली की कुणाकडे पाणी कमी, कुणाकडे जास्त, कुणाचा नळ नुसताच थरथरतो. तक्रारी सहा, भानगड एक."

"पण सगळे म्हणतात, हे मनाचं आहे."

"असेल की," फिटरदादा म्हणाले. "पण मन तरी पाणी कुठून भरतं? त्याच लाइनीवरून ना?"

मी विचारात पडले. पुन्हा दवाखान्यात जावं असं वाटत होतं, पण काय तोंडानं जाऊ? आणि यांना काय सांगून नेऊ? तो प्रश्न सासूबाईंनी सोडवला.

झालं होतं असं की दीड महिन्यापूर्वी, यांनी काटा पहिल्यांदा दुरुस्त केला त्याच संध्याकाळी, सासूबाई त्यावर उभ्या राहिल्या होत्या. नेहमीच्या चौसष्टच्या जागी एकोणसत्तर! कुणाला काही न बोलता त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं. पंधरा दिवसांनी पुन्हा उभ्या राहिल्या, वजन जवळपास तेवढंच. त्यांनी सकाळचा नाश्ता सोडला. बिचाऱ्या काकडी आणि गरम पाण्यावर राहत होत्या, आणि आमचे हे मायेनं दर पंधरवड्याला काटा दुरुस्त करत होते. शनिवारी सकाळी ओट्याला धरून उभ्या असताना त्यांना भोवळ आली.

"सुनेचं टेन्शन मला लागलं बघ," त्या खुर्चीत बसून म्हणाल्या.

हे मात्र घाबरले. (माझ्या पाच महिन्यांच्या धडधडीला पेपर खाली न ठेवणारा हा माणूस, आई एकदा डगमगली तर चपला उलट्या घालून दारात.) आम्ही तिघं दवाखान्यात पोचलो. डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना आधी काट्यावर उभं केलं.

"एकसष्ट."

"किती?" सासूबाईंनी भोवळ बाजूला ठेवून विचारलं.

"एकसष्ट किलो."

"अगं बाई! लग्नानंतर पहिल्यांदाच!"

"हा काटा चुकीचा आहे," आमचे हे पुढे झाले. अंगात एकदम निरीक्षक संचारला. "आज सकाळीच घरी अडुसष्ट होतं. दवाखान्यात असा काटा ठेवणं गुन्हा आहे, डॉक्टर." ते गुडघ्यावर बसले, चष्मा कपाळावर चढवला, काटा मागून पाहिला, खालून पाहिला, रिकामा पाहिला. रिकामा काटा शून्यावर होता. मग त्यांना खालच्या बाजूला त्यांच्याच खात्याचं सील दिसलं.

"सील या वर्षीचं आहे," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले.

"सही कुणाची आहे?" मी विचारलं.

त्यांनी सीलवर अंगठा ठेवला. सही त्यांचीच होती.

"आता आपण उभे राहावे," डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या.

पंचावन्न.

हे जमिनीवर तसेच बसून बोटं मोजत होते. अडुसष्टातून एकसष्ट गेले, सात. बासष्टातून पंचावन्न गेले, सात. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा सातच. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि त्या चेहऱ्यावर जी भीती होती ना, ती पाहून मला आयुष्यात पहिल्यांदा आमचं लग्न जुळल्यासारखं वाटलं.

"दुकानदारानं असं केलं असतं," ते म्हणाले, "तर मी त्याचा काटा जप्त केला असता."

"मागील वेळी मी 'परंतु' म्हणाले," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "आणि आपण उठून गेलात. परंतु नाडी इतकी जलद का, हे मला पाहायचे होते. हात पुढे करा." त्यांनी माझ्या बोटांवर एक कागद ठेवला. तो वाऱ्यावर असल्यासारखा फडफडला. गळ्यावर बोटं ठेवली. "गिळा. पुन्हा गिळा. उष्मा होतो?"

"ही पंखा लावते आणि मला दोन शाली लागतात," सासूबाईंनी साक्ष दिली.

"भूक?"

"बिस्किटांचा डबा दिवसाआड भरावा लागतो," दुसरी साक्ष.

"रक्त तपासू," बाई म्हणाल्या. "गळ्यात एक ग्रंथी असते, थायरॉईड. ती फार जोरात काम करू लागली की धडधड, थरथर, घाम, निद्रानाश, सर्व होते. दिसायला हुबेहूब चिंतेसारखे. तिचा आकार फुलपाखरासारखा..."

"बटरफ्लाय!" मी खुर्चीतून उठले. "मेन व्हॉल्व्ह! पूर्ण उघडा राहिलाय का?"

बाईंनी क्षणभर विचार केला. हा धडा त्यांच्या पुस्तकात नव्हता. "होय," त्या म्हणाल्या. "अगदी तसेच."

रक्तात निघालं. मी रिपोर्ट घेऊन घरी आले ती पेढे वाटल्यासारखी. "मला आजार आहे!" दारातूनच ओरडले. "रक्तात आहे! आकड्यांत आहे!"

"अगं, हळू," सासूबाई म्हणाल्या. "शेजारी काय म्हणतील?"

"म्हणू देत! म्हणावं, खरंच आहे!"

मी बहिणीला फोन केला, मैत्रिणींना केला, जुन्या डॉक्टरांना सुट्टीत फोन केला. लेक म्हणाली, "आई, एवढा आनंद तुला माझ्या निकालाला झाला नव्हता." पुढचे पंधरा दिवस मी राणीसारखी राहिले. हे सकाळी गोळी आणि पाणी हातात आणून द्यायचे. काटा त्यांनी स्वतःच कापडात बांधून माळ्यावर टाकला. सासूबाई एकसष्टवर खूश होत्या. त्यांनी काटा दुरुस्त करणाऱ्या मुलाला माफ केलं, पण रोज थोडं थोडं.

तीन महिने गोळ्या चालल्या. हात थांबले. कप वाजेना. घाम गेला, झोप आली, आणि दवाखान्यातल्या काट्यावर (सील तपासून) वजन बासष्ट भरलं. शेवटचा रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला. मी म्हटलं, सुटले. याचा अर्थ इतकी वर्षं मी घाबरट नव्हतेच मुळी. सगळी त्या फुलपाखराची करणी! मी लोकांना तसं सांगायलाही लागले होते.

आणि त्याच आठवड्यात लेकीची गाडीची परीक्षा आली.

ती सकाळी किल्ली फिरवत बाहेर पडली आणि पाच मिनिटांत सगळं परत आलं. ठोका, गोळा, जमीन, धाबं. मी पांढरीफटक. या वेळी यांनी पेपर टाकला, चपला (सरळ) घातल्या, मला हाताला धरून दवाखान्यात नेलं आणि आत शिरताशिरता म्हणाले, "डॉक्टर, हिला नक्की काहीतरी झालंय. टेन्शन नाहीये हे. मी लिहून देतो."

माझा जुना अर्ज मी बरोबर आणला होताच. त्यावर तारीख बदलली होती.

डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, गळा पाहिला, हातावर कागद ठेवला. कागद हलला नाही. कालचा रिपोर्ट पुन्हा वाचला. एवढ्या महिन्यांत त्यांची मराठी पार घरची झाली होती. (फिटरदादांशी दोनदा भांडल्या होत्या.)

"लेक कुठेय आज?" त्यांनी विचारलं.

"गाडीच्या परीक्षेला."

"हं." त्या मागे टेकून बसल्या. "हे बघा ताई, राग मानू नका. तुमच्याकडे दोन धडधडी होत्या. एक थायरॉईडची, एक तुमची. दोघी जुळ्या बहिणींसारख्या, म्हणून मलाही आधी ओळखू आल्या नाहीत. एकीला आपण घालवली. आता ही जी उरलीय ना, ती तुमची स्वतःची."

"पण मग आता?" हे म्हणाले.

"हिच्यावरही इलाज आहे. माझ्या ओळखीच्या समुपदेशक बाई आहेत, आठवड्यातून एकदा जायचं, बोलायचं, त्या शिकवतील ते करायचं. घाबरण्यासारखं काही नाही." त्या हसल्या. "आणि असलं तरी घाबरायची तुम्हाला सवय आहे."

मग माझा अर्ज पुढे ओढून त्यांनी खाली शेरा लिहिला, पानाची दिशा माझ्याकडे वळवली आणि खिडकीवर मी जशी बोलते अगदी त्याच आवाजात म्हणाल्या, "पोच म्हणून इथे सही करा."

मी सही केली. न वाचता सही करणाऱ्यांना मी एकोणीस वर्षं हसत आलेय. तेवढ्यात लेकीचा फोन आला, "आई, पास!" आणि पोटातला गोळा जिथे जातो तिथे निघून गेला. मी निवांत श्वास घेतला, कागद उचलला आणि मग शेरा वाचला.

"मेन व्हॉल्व्ह दुरुस्त केला. मीटरच्या पुढील जोडणी ही ग्राहकाची स्वतःची जबाबदारी आहे."